भूचुंबकीय क्षेत्राची उपग्रहीय मापने व प्रारूपे

भूचुंबकीय क्षेत्राची उपग्रहीय मापने व प्रारूपे यांची तुलना ही भूभौतिकीतील एक पद्धत आहे. उपग्रहाने मोजलेल्या मूल्यातून गणिती प्रारूपाने वर्तवलेले मूल्य वजा केल्यावर उरणाऱ्या फरकास शेष म्हणतात. शेष म्हणजे निव्वळ मापनातील चूक नव्हे. प्रारूपात न धरलेले चुंबकीय स्रोत त्यातूनच ओळखता येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कायमस्वरूपी भूचुंबकीय वेधशाळा नसल्याने मालवण किनाऱ्यावरील क्षेत्राचे मूल्य एरवी प्रारूपावरूनच काढावे लागते.

प्रारूप

आंतरराष्ट्रीय भूचुंबकीय संदर्भ क्षेत्र हे प्रारूप १९६८ मध्ये प्रथम तयार झाले. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या प्रवाहांमुळे क्षेत्र सतत बदलत असल्याने ते दर पाच वर्षांनी सुधारले जाते. त्यानुसार मालवण येथील एकूण तीव्रता सुमारे ४२,००० नॅनोटेस्ला येते. मात्र सुमारे ३,००० किलोमीटरांहून लहान तरंगलांबीची वैशिष्ट्ये या प्रारूपात उमटत नाहीत. संपूर्ण महाराष्ट्रही या मापाने लहानच आहे.

उपग्रह

मॅगसॅट (१९७९–८०), अर्स्टेड (१९९९) व चॅम्प (२०००–१०) यांच्यानंतर युरोपीय अंतराळ संस्थेचे तीन स्वार्म उपग्रह २२ नोव्हेंबर २०१३ रोजी सोडण्यात आले. सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटर किनाऱ्याइतके अंतर असा उपग्रह सुमारे १७ सेकंदांत ओलांडतो. त्यामुळे नोंदीतील बदल स्थळामुळे झाला की काळामुळे, हे एका फेरीवरून सांगता येत नाही.

आयनांबरातील प्रवाहही तुलनेत अडथळा आणतात. दक्षिण भारतावरून सुमारे ११० किलोमीटर उंचीवर दिवसा वाहणारा विषुववृत्तीय विद्युत्-झोत तिरुनेलवेली येथे जमिनीवर क्षैतिज क्षेत्र वाढवतो. त्याच्या वरून जाणाऱ्या उपग्रहाला मात्र तेच क्षेत्र घटलेले दिसते. म्हणून गाभ्याच्या क्षेत्राच्या प्रारूपासाठी प्रामुख्याने रात्रीच्या व चुंबकीय दृष्ट्या शांत काळातील नोंदी निवडतात.

अलिबाग वेधशाळा

एकाच जागी दीर्घकाळ घेतलेल्या नोंदी ही उणीव भरून काढतात. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. १८५९ चे प्रचंड चुंबकीय वादळही तेथे नोंदले गेले. विजेच्या ट्राममुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेण्यात आली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन मालिका जोडण्यात आली. ही वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. वेधशाळेखालील खडकांमुळे मूल्यात जवळपास स्थिर असा फरक पडतो, म्हणून प्रारूपाशी तुलना करताना मूल्यापेक्षा वार्षिक बदलाचा दर अधिक भरवशाचा मानतात.

सिंधुदुर्गातील शेष

अलिबागपासून मालवण सुमारे २९० किलोमीटर दक्षिणेस आहे आणि भूरचनाही वेगळी आहे. दख्खनच्या बेसाल्टाचा विस्तार या जिल्ह्यात संपत जातो व दक्षिणेकडे जुने खडक उघडे पडतात. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी येथे लोहखनिजाच्या खाणी आहेत. बेसाल्टाचा बराच भाग चुंबकीय ध्रुव उलटलेले असताना थिजल्याने त्याचे चुंबकन आजच्या क्षेत्राच्या विरुद्ध आहे. सुमारे ४५० किलोमीटर उंचीवर अशा स्थानिक फरकांची सरासरी होऊन ते पुसले जातात. उपग्रह व प्रारूप यांचा मेळ उत्तम बसला, तरी त्यावरून रेडीच्या खाणीजवळ होकायंत्र अचूक दिशा दाखवील असे ठरत नाही. त्यासाठी जमिनीवरील किंवा विमानातून केलेले चुंबकीय सर्वेक्षणच लागते.