बत्तीस की तीस?

गेल्या महिन्यात निळा पट्टा मिळाला आणि सरांनी नवा फॉर्म शिकवायला घेतला. ज्यांना तायक्वांदो माहीत नाही त्यांच्यासाठी: फॉर्म म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. समोर कुणी नसतं, सगळी मारामारी हवेशी. या फॉर्मचं नाव जुंग-गुन, हालचाली ३२.

आधीचे पाच फॉर्म मी नुसते घोकले होते. यावेळी म्हटलं, नाव कुणाचं ते तरी बघू. आम्ही शिकतो ते २४ फॉर्म जनरल चोई हाँग ही यांच्या परंपरेतले, आणि त्यात हालचालींचा आकडा उगाच नसतो. युल-गोकच्या ३८ हालचाली, कारण त्या विद्वानाचं जन्मगाव ३८ अक्षांशावर. जुंग-गुनच्या ३२, कारण आन जुंग-गुन फासावर गेला तेव्हा त्याचं वय ३२.

आता आमची सवय वाईट. आकडा दिसला की तपासायचा. जन्म २ सप्टेंबर १८७९, फाशी २६ मार्च १९१०. वजाबाकी करा. तीस! पूर्ण एकतीससुद्धा नाही. एकाची चूक आपण रोज करतो हो, पण दोनची?

सरांना सांगितलं तर म्हणाले, "तू आधी पाय नीट ठेव, वयाचं नंतर बघू."

घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की चूक माझीच होती. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि पुढे वाढदिवसाला नाही तर नववर्षाला सगळ्यांचं वय एकदम वाढतं. १८७९ साली एक, मग १९१० साली बरोबर बत्तीस. म्हणजे प्रोग्राम बरोबर होता, मीच काउंटर शून्यापासून सुरू केला होता :-)

पण हा माणूस होता कोण? १९०५ च्या करारानं कोरिया जपानच्या 'संरक्षणाखाली' गेला. तिथला पहिला जपानी रेसिडेंट-जनरल म्हणजे इतो हिरोबुमी, त्याआधी चार वेळा जपानचा पंतप्रधान. १९०९ च्या सुरुवातीला आन आणि त्याच्या अकरा साथीदारांनी डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक कापून देशासाठी मरायची शपथ घेतली. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला, रशियन अर्थमंत्र्याला भेटायला आलेल्या इतोला त्यानं हार्बिन स्टेशनवर गोळ्या घातल्या. पळून गेला नाही.

मला इथपर्यंत ही नेहमीची क्रांतिकारकाची गोष्ट वाटली होती. पण कोर्टात त्यानं इतोचे पंधरा गुन्हे मोजून दाखवले, आणि लुशुनच्या तुरुंगात बसून काय लिहायला घेतलं? पूर्व आशियातल्या शांततेवरचा ग्रंथ! कोरिया, चीन आणि जपान यांनी एकत्र कसं राहावं, यावर. तो पुरा व्हायच्या आत फाशी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपाननं कोरिया गिळला.

स्वातंत्र्य मिळालं की मला मायदेशी पुरा, असं तो सांगून गेला होता. स्वातंत्र्य १९४५ साली मिळालं, पण त्याचे अवशेष आजवर सापडलेले नाहीत. सोलच्या ह्योचांग पार्कात त्याच्यासाठी थडगं बांधून ठेवलंय. रिकामं.

गंमत अशी की ज्या चोईंच्या परंपरेत त्याच्या नावाचा फॉर्म आला, ते स्वतः जपानमध्ये कराटे शिकले होते, आणि आमच्या कितीतरी हालचालींत ते कराटे आजही दिसतं. आणि २८ जून २०२३ पासून कोरियाच्या कायद्यानंही जुनी वयमोजणी सोडली. सरकारी कागदावर आज तो तीसच वर्षांचा भरेल. बत्तीस टिकलंय ते आमच्यासारख्यांच्या पायांत.

असो. फॉर्म अजून धड येत नाही. शेवटाकडे खाली वाकून तळहातानं सावकाश दाबायची हालचाल आहे, तिथे मांड्या थरथरतात. एकतीस आणि बत्तीस या काठीचा वार अडवायच्या हालचाली, तिथे पोचेपर्यंत दम गेलेला असतो.

पण सुरुवात आता बदललीय. पाय जुळवून उभं राहायचं, उजवी मूठ, तिच्यावर डावा पंजा. पूर्वी या वेळी मी पहिली चाल आठवत असायचो. आता नजर डाव्या अनामिकेवर जाते. मग सर 'सिजाक' म्हणतात, आणि मी मोजायला लागतो. एकापासून.