राखून घेतलेलं हाड

तोंडाच्या कर्करोगात जबड्याचं हाड काढावं लागलं, की त्या जागी बऱ्याचदा पायाचं हाड बसवतात. घरच्यांचा जीव चेहऱ्यात अडकलेला असतो. पण एका जागेचं काढून दुसरीला द्यायचं, तर देणारी जागाही सावरली पाहिजे. या जाणिवेचं एक मूळ पुण्याजवळ सापडतं.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने इंग्रज फौजेतल्या कावसजी या गाडीवानाची हकिगत छापली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. दोन डोळ्यांमधली कातडीची पट्टी त्याने तोडली नाही. नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळणार होतं. विड्यातला कात पाण्यात कालवून, कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्याने जखमेवर लावला. डोळ्यांमधली कातडीची पट्टी साधारण 25व्या दिवशी कापायची. कपाळावरचा व्रण काही काळाने फारसा जाणवत नाही, हेही त्या मजकुरात नोंदवलं आहे.

कपाळ नाकाला लागूनच. पाय मात्र जबड्यापासून लांब. तिथलं हाड रक्तवाहिन्यांसकट सोडवून आणावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या शिवणं जमू लागल्यावर मेलबर्नच्या इयन टेलर यांनी एका पायाचं फिब्युला हाड दुसऱ्या पायाच्या नडगीत बसवलं. ते 1975 मध्ये प्रसिद्ध झालं. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी याच हाडाला छेद देऊन त्याला जबड्याचा बाक आणल्याचं मांडलं.

फिब्युला म्हणजे नडगीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड. शरीराचा बहुतेक भार नडगीच पेलते, म्हणून ते देणं पायाला परवडतं. तरी घोट्याजवळचं 6 ते 8 सेंटीमीटर हाड राखतात, नाहीतर घोटा डळमळेल. गुडघ्याखालीही थोडं सोडतात, कारण पाऊल वर उचलणारी नस तिथेच हाडाला वळसा घालते. वीटकऱ्याने पट्टी नाकासाठी राखली, इथे हाड पायासाठी राखतात.

हाडाबरोबर कातडीही घेतली, तर पोटरीवरची जखम झाकायला कधी मांडीची पातळ कातडी लागते. देणाऱ्या जागेलाही मग दाता शोधावा लागतो. पायाचा अंगठा वाकवणारा स्नायू याच हाडाला चिकटलेला असल्याने अंगठा दुबळा होऊ शकतो, घोटाही आखडू शकतो. वॉकर धरून पहिली पावलं, मग घोट्याचे व्यायाम, मग जिना. रुग्णाला भेटायला गेलात, तर 'जेवण गिळता येतं का?' एवढंच विचारून थांबू नका. पायाचा अंगठा हलतो का, तेही विचारा.