ख्रिस्तपुराण आणि आपलें नित्याचें ख्रिस्ती जीवन

शास्त्रवचनाप्रमाणें वागावें, हा उपदेश आपण देवमंदिरांत वारंवार ऐकतों. परंतु जें वचन कानीं पडलें नाहीं, किंवा पडूनही समजलें नाहीं, त्याप्रमाणें मनुष्य वागणार तरी कसा? चारशें वर्षांपूर्वीं गोव्यांतील साष्टी प्रांताच्या ख्रिस्ती लोकांपुढें हाच प्रश्न उभा होता. त्याचें उत्तर एका धर्मगुरूनें कसें दिलें, हा इतिहास ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आठवणें उचित होईल.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. येशूसंघांत प्रवेश करून ते १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले, आणि १६१९ सालीं देवाघरीं जाईपर्यंत त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टींतच गेलें. तेथील परिस्थिति बिकट होती. पोर्तुगीज सत्तेनें १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडलीं होतीं व जुन्या पोथ्यांवर बंदी घातली होती. पाण्यानें बाप्तिस्मा झाला होता. पण दिवसभराचें काम आटोपल्यावर कुटुंबानें एकत्र बसून ऐकावें असें घरांत कांहीं उरलें नव्हतें.

स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभींच हें दुःख एका गृहस्थाच्या तोंडीं आलें आहे. आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं मना केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं, असें तो पाद्रीस विचारतो. प्रश्न रास्त होता, आणि स्टीफन्स यांनीं तो मनावर घेतला. १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचा ग्रंथ छापून निघाला. तोच आपणांस ‘ख्रिस्तपुराण’ या नांवानें परिचित आहे.

ग्रंथांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, तर दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. लिपि रोमन, पण भाषा मराठी, व तींत मधून मधून कोंकणी शब्द. फुलांत जसा मोगरा, तशी भाषांत मराठी, अशी तिची थोरवी या परदेशी मनुष्यानें गाइली. स्वर्गास त्यांनीं ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओळखीचा शब्द वापरला. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांनीं लोकांच्या कानांत रुजविलेला ओवीछंदच त्यांनीं शुभवर्तमानासाठीं निवडला. अक्षरओळख नसलेली माउलीही तें ऐकून ध्यानांत ठेवूं शके.

रविवारीं व सणाच्या दिवशीं मिस्सानंतर चर्चमध्यें हें पुराण वाचलें जाई. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें. पुढें १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें. तरीही पुराण नाहींसें झालें नाहीं. त्या जुन्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज ज्ञात नाहीं; ग्रंथ वांचला तो हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. गोव्याहून कानडा प्रांतांत गेलेल्या कुटुंबांनींही तो आपल्याबरोबर नेला. टिपू सुलतानानें १७८४ सालीं तेथील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें. १७९९ पर्यंतच्या त्या काळांत पुराणाच्या ओव्यांनींच त्यांस धीर दिला, अशी परंपरा आहे. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तें पुन्हां छापलें.

यांतून आपणांस काय घ्यावयाचें? आपली स्थिति त्या लोकांहून कितीतरी सुखाची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस द्वार उघडून दिलें. आतां मिस्सा मराठींत होते, आणि संपूर्ण पवित्र शास्त्रही मराठींत मिळतें. परंतु ज्यांनीं दिव्याच्या उजेडांत ओवीमागून ओवी उतरून घेतली, त्यांच्यापेक्षां आपण शास्त्राच्या अधिक जवळ आहों काय? ग्रंथ फडताळांत आहे. त्यावर बहुधा धूळ आहे.

शेताच्या बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि दोघेही ज्युबिलीच्या मिस्सास एकाच देवमंदिरांत बसतात. अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट कर, ही प्रभूची आज्ञा दोघांनींही ऐकलेली असते. मजुराची मजुरी अडकवून ठेवणें हें पाप आहे, असें संत याकोबानें स्पष्ट लिहिलें आहे. तरी शनिवारीं हात आखडतोच. शास्त्र पाळावयाचें तें अशा ठिकाणीं: बांधावर, मापांत, मजुरींत आणि सासूसुनेच्या बोलण्यांत.

म्हणून, बंधुभगिनींनो, या ज्युबिलीचें स्मारक म्हणून प्रत्येक घरीं एक नेम धरावा. सायंकाळीं रोझरी झाल्यावर शुभवर्तमानाचा एक लहानसा भाग मोठ्यानें वाचावा, आणि उद्यां यांतलें काय करावयाचें, हें घरच्या मंडळींनीं परस्परांस विचारावें. साष्टीच्या त्या गृहस्थानें मागितलें तें आपणांस न मागतां मिळालें आहे. त्याप्रमाणें वागणें तेवढें उरलें आहे.