लोटस ४९ची प्रतिकृती : तयार संचाला हाताने दिलेले तपशील

शर्यतीच्या मोटारीची प्रमाणबद्ध प्रतिकृती प्लास्टिकच्या तयार संचातून जुळवता येते. संचात साच्यातून काढलेले सुटे भाग, टायर, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे आणि जोडणीची सूचनापुस्तिका असते. सूचनांबरहुकूम जुळवलेली मोटार बाह्याकाराने बहुधा बिनचूक असते. परंतु इंजिनावरच्या तारा, इंधनाच्या बारीक नळ्या, ब्रेकचे होज असे तपशील तीत क्वचितच आढळतात. ते हाताने घडवून बसवणे हा या छंदाचा पुढचा टप्पा होय. या कामात हस्तकौशल्याइतकीच पुराव्याची पारख लागते, कारण काय जोडावे याच्या बरोबरीने काय जोडू नये हेही ठरवावे लागते. लोटस ४९ ही फॉर्म्युला वन मोटार त्याचे उत्तम उदाहरण आहे.

मोटारीचे वेगळेपण

कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी आखलेली ही मोटार ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडवूर्ट येथे प्रथम शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्क याने तीत विजय मिळवला. तिचे २,९९३ घनसेंटिमीटरचे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन कीथ डकवर्थ यांनी घडवले होते. चालकाच्या पाठीमागे सांगाडा संपतो आणि तेथेच हे व्ही-८ इंजिन बोल्टांनी जोडलेले असते. मागच्या चाकांचा भार इंजिन व गिअरबॉक्सच पेलतात. साहजिकच मोटारीचा मागचा अर्धा भाग पूर्णपणे उघडा दिसतो. प्रतिकृतीतही नजर प्रथम तेथेच जाते आणि तारांविना असलेले इंजिन लगेच खटकते. या मोटारीचे जपानी संच परिचित आहेत : तामिया कंपनीचा १:१२ आणि एब्रो कंपनीचा १:२० प्रमाणातील.

संचात उणीव का राहते

ही उणीव उत्पादनपद्धतीतून येते. वितळलेले प्लास्टिक धातूच्या साच्यात दाबाने भरले जाते आणि साचा उघडून भाग बाहेर काढला जातो. साचा ज्या दिशेने उघडतो, त्या दिशेला आडवी येणारी पोकळी साध्या साच्यात घडवता येत नाही. फार पातळ भिंतींत प्लास्टिक नीट पोहोचत नाही. त्यामुळे हवा घेणारे कर्णे उथळ राहतात, एक्झॉस्टची तोंडे भरीव निघतात आणि पत्र्याच्या कडा जाड होतात. प्लास्टिकची एक मिलिमीटर जाडी १:२० प्रमाणात वीस मिलिमीटरची ठरते. प्रत्यक्षातला ॲल्युमिनियमचा पत्रा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा होता. म्हणून दिसणाऱ्या कडा आतल्या बाजूने कानसून पातळ करणे, कर्णे खोल करणे आणि नळ्यांची तोंडे पोखरणे हे पहिले काम असते. यासाठी एकही नवा भाग लागत नाही, पण मोटारीचे रूप सर्वाधिक पालटते ते याच कामाने.

प्रमाणाचे गणित

हाताने जोडलेला तपशील फसतो तो बहुतेक वेळा जाडीमुळे. स्पार्क प्लगची तार प्रत्यक्षात सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. ती १:२० प्रमाणात ०.३५ आणि १:१२ प्रमाणात ०.५८ मिलिमीटर भरते. नेहमीचा जाड दोरा किंवा विजेची प्लास्टिक वेष्टनातली तार येथे लावली, तर इंजिनावर बागेतला पाइप टाकल्यासारखा दिसतो. मोटार-पंपांचे वाइंडिंग करणाऱ्यांकडे लाखेचा लेप दिलेली तांब्याची तार क्रमांकाप्रमाणे मिळते. २८ क्रमांकाची तार सुमारे ०.३८, तर २४ क्रमांकाची सुमारे ०.५६ मिलिमीटर जाड असते. पहिली १:२०साठी आणि दुसरी १:१२साठी चालते. त्याहून बारीक नळ्यांसाठी लवचीक विजेच्या तारेतला एकेक सुटा पदर उपयोगी पडतो.

इंजिनावरील तारा व नळ्या

डीएफव्ही इंजिनाचे डिस्ट्रिब्यूटर आणि इंधन मोजून देणारे ल्युकासचे यंत्र दोन्ही सिलिंडर-रांगांमधल्या खोबणीत असतात. डिस्ट्रिब्यूटरमधून आठ तारा निघून प्रत्येक बाजूच्या चार प्लगांकडे जातात. इंधनाच्या आठ नळ्या आठ कर्ण्यांकडे जातात. म्हणजे सोळा रेषा मोजून आल्या पाहिजेत. सात किंवा नऊ तारांचे इंजिन जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

छिद्रे रंगकामाआधी पाडावीत. सर्किट बोर्डासाठी मिळणारे ०.४ मिलिमीटरचे ड्रिल हाताने फिरवायच्या पकडीत बसवावे आणि सुईच्या टोकाने आधी खूण करावी; खूण नसेल तर ड्रिल घसरते, आडवा दाब आला तर मोडते. तारा रंगकामानंतर बसवाव्यात. तार बोटांनी थेट वाकवली तर कोपरा पडतो, आणि खरी रबरी तार कधीच कोपऱ्यात दुमडत नाही. म्हणून ती आधी काडीभोवती फिरवून सैल वळण द्यावे, थोडी लांब कापावी, एक टोक चिकटवून मगच दुसरे नेमके कापावे. झटपट चिकटणारा गोंद थेट नळीतून न सोडता काडीच्या टोकाने थेंबभर लावावा. ड्रिलिंग करताना डोळ्यांवर चष्मा आणि रंग फवारताना खेळती हवा असणे आवश्यक आहे.

रिव्हेटांबाबत संयम हवा. सहा मिलिमीटरचा रिव्हेटचा माथा १:२० प्रमाणात ०.३ मिलिमीटरचाच होतो. टाचणीच्या टोकाने ठेवलेला पांढऱ्या गोंदाचा सूक्ष्म ठिपका पुरतो. मोठे टपोरे माथे मोटारीला बॉयलरचे रूप देतात.

जो तपशील घालू नये

चालकाच्या आसनावर शिवलेले किंवा धातूच्या पातळ पत्रीतून कापलेले पट्टे हा हौशी कारागिरांचा सर्वांत आवडता तपशील. परंतु १९६७ साली फॉर्म्युला वनमधील चालक सर्वसाधारणपणे पट्टा बांधत नसत. सहा टोकांचा पट्टा सक्तीचा झाला तो १९७२ साली. झांडवूर्टच्या मोटारीत पट्टे घातले, तर ते कितीही सुबक असले तरी खोटे ठरतात. त्या काळच्या चालकांनी पत्करलेला धोका रिकाम्या आसनातून दिसतो आणि पट्टे तो झाकून टाकतात.

ही चूक बहुधा छायाचित्रांमुळे होते. जुन्या मोटारींच्या आजच्या शर्यतींत उतरणाऱ्या गाड्यांना सुरक्षेच्या नियमांनुसार पट्टे, अग्निशामक आणि नवे होज बसवलेले असतात. त्यांची रंगीत छायाचित्रे स्पष्ट असतात, पण त्यांतून आजची मोटार कळते. मूळ शर्यतीचे धूसर कृष्णधवल छायाचित्र येथे अधिक विश्वासार्ह साक्षीदार होय.

कोणती शर्यत, कोणता दिवस

एकाच नावाची मोटार दर काही महिन्यांनी बदलत गेली. १९६७ मध्ये ती हिरवी, पिवळ्या पट्ट्याची आणि पंखाविना होती. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे क्लार्कने आपली पंचविसावी व अखेरची ग्रां प्री जिंकली, तेव्हाही ती हिरवीच होती. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. त्याच मे महिन्यात मोनाको जिंकणारी ग्रॅहॅम हिलची ४९बी लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात होती आणि तिच्या नाकाला छोटे पंख होते. पुढे उंच खांबांवरचे पंख आले. ४ मे १९६९ रोजी स्पेनमधील माँझुइक येथे हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही मोटारींचे पंख मोडून अपघात झाले व त्याच महिन्यात अशा पंखांवर बंदी आली.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चालक, शर्यत आणि तारीख कागदावर लिहून ठेवावी. मनात येणारा प्रत्येक तपशील त्या तारखेशी ताडून पाहावा. पुरावा मिळाला तर जोडावा, नाही तर तो भाग संचात आहे तसाच राहू द्यावा. पूर्ण झालेल्या प्रतिकृतीच्या बैठकीवर तीच नोंद छोट्या पट्टीवर लावावी. पाहणाऱ्याला त्यावरून तपशील पडताळता येतात.