स्टेप सीक्वेन्सरची पूर्वपीठिका

स्टेप सीक्वेन्सर या यंत्राचा समावेश सामान्यतः वाद्यांच्या इतिहासात केला जातो. वस्तुतः तो ध्वनिफितीच्या इतिहासाचाही एक भाग होय. १९५० नंतरच्या दशकात विद्युत्-संगीत रचणाऱ्यास प्रत्येक ध्वनी मुद्रित करून, फीत कापून व चिकटवून स्वरक्रम सिद्ध करावा लागे. स्वराची उंची आणि त्याचा काल ही दोन्ही फितीच्या एकाच तुकड्यात बद्ध असत.

त्याच सुमारास अमेरिकेत रेमंड स्कॉट यांनी विद्युत्-चुंबकीय रिले वापरून क्रमयंत्रे उभारली होती. परंतु आपले काम गुप्त राखण्याकडे त्यांचा कल असल्यामुळे त्यांचा फारसा प्रसार झाला नाही. निर्णायक पाऊल सॅन फ्रॅन्सिस्कोत पडले. तेथील टेप म्युझिक सेंटरचे मॉर्टन सबॉटनिक व रमोन सेंडर यांच्या सांगण्यावरून डॉन बुक्ला यांनी १९६५-६६ च्या सुमारास जो संच घडविला, त्यात क्रमाक्रमाने विद्युद्दाब पुरविणारा भाग होता. स्पंद आला की यंत्र पुढील पायरीवर जाई. फीत कापण्याचे कष्ट त्यामुळे पुष्कळ वाचले. सबॉटनिक यांची १९६७ मधील ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही रचना याच संचावर सिद्ध झाली.

पुढे ४०१७ या गणक-चिपमुळे हे यंत्र घरी बांधणे सुलभ झाले. तिच्या दहा निर्गमांपैकी एका वेळी एकच जागृत असतो. प्रत्येक निर्गम पोटेन्शिओमीटर व डायोड यांमधून एका सामाईक तारेस जोडावयाचा. डायोड नसल्यास मूक पायऱ्या बोलत्या पायरीचा दाब खाली ओढतात. नववा निर्गम रीसेटला जोडला की आठ पायऱ्यांचे आवर्तन पुरे होते.

भाषेत स्थान व त्या स्थानी येणारा ध्वनी यांचा भेद आपण विश्लेषणाने करतो. येथे तो तारांनीच केलेला आहे. स्पंद काल ठरवितो, बटण उंची. एका सप्तकास एक व्होल्ट या मूग-पद्धतीत अर्धस्वरास सुमारे ८३ मिलिव्होल्ट लागतात. परंतु बटणास या विभागणीचे बंधन नाही. पट्ट्यांच्या वाद्यात न सापडणारी स्वरस्थानेही त्यावर लावता येतात. म्हणून या यंत्राने संगीत यांत्रिक केले, हा आक्षेप अर्धाच खरा मानावा लागतो. त्याने आवर्तन यंत्राकडे सोपविले. स्वराची निवड मात्र मनुष्याच्या कानाकडेच राहिली.