भिलाईचे पाणी आणि सूक्ष्मजीव

भिलाईचे नाव निघाले की धगधगती झोतभट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली, तोवर नागपूरची राजधानी गेली होती. हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्याला पाण्याचीही एक बाजू आहे.

पाण्यावाचून पोलाद होत नाही. शेतीसाठी बांधलेल्या तांदुळा धरणाचे पाणी भिलाईकडे वळले. घेतलेले पाणी परत कसे करावयाचे, हा खरा प्रश्न. कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या पाण्यात फिनॉल, अमोनिया आणि सायनाइड असते. ते तसेच नदीत सोडले तर मासे मरतात. शिवाय खालच्या गावी त्याच पाण्यात क्लोरीन घालताच फिनॉलमुळे ते पिववत नाही.

यावर तोड सापडली ती जीवसृष्टीतच. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिले, की सांडपाण्यात हवा खेळवावी, तळाशी बसलेला गाळ टाकून न देता पुनःपुन्हा वापरावा. त्यातील जीवाणू काही तासांत घाण खाऊन टाकतात. जे फिनॉल माशांना विष, तेच काही जीवाणूंचे अन्न! मात्र त्यांना त्याची सवय हळूहळू लावावी लागते. एकाएकी मात्रा वाढली, की तेही मरतात आणि विष थेट नदीत जाते.

वसाहतीच्या सांडपाण्यासाठी भिलाईत उथळ तळी केली गेली. तेथे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, जीवाणू तो घेऊन मैला कुजवितात आणि कर्बद्विप्राणिल वायू शेवाळाला परत देतात. आपल्याकडील उन्हात अशी तळी कशी चालतील, याचा अभ्यास १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केला. हीच संस्था १९७४ पासून 'नीरी' म्हणून ओळखली जाते. जलप्रदूषणाचा कायदाही त्याच वर्षीचा.

श्रोतेहो, पंप आणि हौद अभियंता नकाशावरून उभारू शकतो. परंतु त्या हौदात राबणाऱ्या जीवांना हवा किती, ऊन किती आणि वेळ किती लागतो, हे त्याला त्यांच्याकडूनच शिकावे लागते. शिवनाथचे पाणी त्या शिक्षणावर अवलंबून आहे.