सातवी नस

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवार सकाळ. दात घासून चूळ भरायला गेलो तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर. वाटलं, झोप उडाली नाहीये अजून. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. आरशात बघितलं आणि पोटात गोळाच आला. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. भुवई उतरलेली, गालावरची घडी गायब, डोळा मिटायला सांगितला तरी मिटेना. हसून पाहिलं तर फक्त उजवी बाजू वर गेली.

आजी तेव्हा आमच्याकडेच होती. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "अरे बाळा, तोंडावरून वारं गेलं की रे!" आणि मग आदल्या रात्री मी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो यावर सगळा दोष गेला.

माझ्या डोक्यात एकच शब्द, स्ट्रोक. तासाभरात डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "कपाळाला आठ्या घाला बरं." घातल्या. उजवीकडे पडल्या, डावीकडे नाही. "मग बरं आहे," म्हणाले! मला कळेना यात बरं काय.

गंमत अशी की कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतात. एका बाजूला स्ट्रोक आला तर खालचा चेहरा लुळा पडतो, पण दुसरी बाजू कपाळ सांभाळून घेते. कपाळासकट अख्खी बाजू गेली, तर बिघाड बहुतेक वेळा मेंदूत नसून मेंदूतून निघालेल्या नसेत असतो. आमच्या भाषेत, सर्व्हर चालू आहे, केबल गेलीय. (हे वाचून कुणी घरच्या घरी निदान करत बसू नका. तोंड वाकडं झालं की आधी दवाखाना.) डॉक्टरांनी माझी बाकीची तपासणीही केली आणि कागदावर लिहिलं: बेल्स पाल्सी, सातवी क्रेनिअल नर्व्ह.

आता मला सांगा, इंजिनियर माणसाला "सातवी" म्हटल्यावर पहिला प्रश्न कुठला पडणार? कुणी मोजल्या? आणि कुठून सुरुवात करून? डोळ्यात थेंब घालत, रात्री पापणी चिकटपट्टीने बंद करून काढलेल्या त्या रजेत मी हेच वाचत बसलो.

शाळेत आपण पाठ केलेलं असतं, मेंदूपासून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. वास, दृष्टी, डोळा फिरवणं, चेहऱ्याची संवेदना, चेहऱ्याची हालचाल, ऐकणं, गिळणं, जीभ वगैरे. माझी मामेबहीण एमबीबीएसला असताना त्यांची आद्याक्षरं एका वाक्यात बसवून पाठ करायची. ते वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही :) मला वाटायचं बारा म्हणजे बाराच, हाताला पाच बोटं तशा. पण दीड हजार वर्षं त्या सातच होत्या.

ही सातची यादी गेलनची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य, रोममध्ये नाव कमावलेला. माणसाची प्रेतं फाडायची सोय नव्हती, म्हणून त्याचं बरंचसं ज्ञान माकडं, डुकरं, बैल यांच्यावरचं. त्याचा गाजलेला प्रयोग डुकरावरचा. जिवंत, किंचाळणाऱ्या डुकराच्या मानेतल्या दोन बारीक नसा बांधल्या की आवाज बंद, डुक्कर धडपडतंय पण मुकं. त्या काळी भले भले विद्वान म्हणत की आवाज हृदयातून येतो. गेलनने भर सभेत दाखवलं की तो मेंदूच्या ताब्यात आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण पुरावा म्हणून पक्का.

मोजायच्या बाबतीत मात्र त्याची पद्धत वेगळी होती. वासाची नस त्याने नसच मानली नाही, मेंदूचाच पुढे आलेला भाग धरला. डोळा फिरवणारी एक अगदी बारीक नस, आजची चौथी, निसटली. आणि ज्या नसा जवळजवळ, एकाच भोकातून जातात त्या एका जोडीत टाकल्या. माझी चेहऱ्याची नस आणि कानाची नस कवटीतल्या एकाच भोकात शिरतात, म्हणून दोघी मिळून त्याची पाचवी जोडी. म्हणजे गेलनकडे गेलो असतो तर कागदावर "पाचवी" आलं असतं.

१५४३ मध्ये व्हेसेलियसने माणसाच्या शरीराचा प्रचंड सचित्र ग्रंथ काढला, गेलनच्या कितीतरी चुका दाखवल्या. नसा? सातच ठेवल्या. सगळा कोड नव्याने लिहायचा पण जुना इंटरफेस मोडायचा नाही, असं आपणही करतोच की.

आकडा हलला तो १६६४ मध्ये, थॉमस विलिसच्या हातून. विलिस ऑक्सफर्डचा. एक किस्सा सांगायलाच हवा. १६५० मध्ये अ‍ॅन ग्रीन नावाच्या मोलकरणीला तिथे फाशी दिली आणि प्रेत फाडायला आणलं. पेटी उघडली तर घशातून घरघर! विल्यम पेटी आणि विलिस यांनी चाकू बाजूला ठेवून तिला शुद्धीवर आणलं. पुढे तिला माफी मिळाली, लग्न झालं, मुलं झाली. असो.

विलिसने काय वेगळं केलं? आधीचे बहुतेक लोक मेंदू कवटीतच ठेवून वरून काप काढत खाली जायचे. नसा निघतात मेंदूच्या तळातून, आणि तिथे पोचेपर्यंत सगळ्याचा लगदा झालेला असायचा. १५७३ च्या पुस्तकात इटलीच्या वारोलिओने मेंदू उपसून उलटा बघायची पद्धत मांडली होती. विलिसनेही अख्खा मेंदू बाहेर काढून उलटा ठेवला. चित्रं काढायला मदतीला कोण, तर ख्रिस्तोफर रेन, पुढे लंडनचं सेंट पॉल्स बांधणारा! तळाकडून बघितल्यावर वासाची नस यादीत आली, ती निसटलेली चौथीही आली, आणि एकूण नऊ जोड्या झाल्या. चेहरा-कान अजून एकत्रच होते, पण आता त्यांचा नंबर सातवा. चेहऱ्याची ती "कडक" आणि कानाची ती "मऊ", असे एकाच नंबरचे दोन भाग.

शेवटचं काम केलं एका विद्यार्थ्याने. १७७८, ग्यॉटिंगेन विद्यापीठ, सॅम्युएल सॉमरिंग, वय २३. डॉक्टरेटच्या प्रबंधात त्याने एकत्र बांधलेल्या मोळ्या सोडवल्या. चेहरा सातवा, कान आठवा. घसा, पोटापर्यंत भटकणारी व्हेगस आणि मानेची नस, यांचे नववा, दहावा, अकरावा. जिभेचा बारावा. हीच यादी आजही चालते. २३ व्या वर्षी मी कॅम्पसमधून मिळालेल्या पहिल्या नोकरीत दुसऱ्याचे बग्ज सोडवत होतो.

हे सगळं नुसतं नंबरांचं खूळ वाटेल. मलाही आधी वाटलं. पण कुठली तार काय वाहून नेते हे माहीत नसल्याची किंमत लोकांनी मोजलीय. चेहऱ्यात विजेसारखी भयंकर कळ येण्याचा एक आजार आहे. ती कळ येते पाचव्या नसेतून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शस्त्रवैद्य ती थांबवण्यासाठी कधीकधी सातवी नस कापत. भूल नव्हती तेव्हा. परिणाम काय, तर कळ जशीच्या तशी, आणि वर तोंड कायमचं वाकडं. माझं तोंड आपसूक वाकडं झालं होतं, त्यांचं डॉक्टरने केलं होतं.

हे थांबायला चार्ल्स बेल कारणीभूत. १८२१ मध्ये या स्कॉटिश शस्त्रवैद्याने गाढवावर आणि माकडावर केलेले प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. सातवी कापली की चेहरा ढिला पडतो पण स्पर्श कळतो, पाचवी कापली की संवेदना जाते. मात्र बेललाही सगळं जमलं नाही. पाचवीची ओठाकडची फांदी कापलेलं गाढव ओठांनी ओट उचलेना, म्हणून त्याने ठरवलं की ती फांदी ओठ हलवतेही. त्याचाच जुना विद्यार्थी हर्बर्ट मेयो याने १८२२ मध्ये खोडून काढलं: ओठ हलतात हो, गाढवाला दाणा ओठाला लागलेला कळतच नाही! पुढे बेलने आपले निबंध पुन्हा छापताना मजकुरात सोयीचे फेरफार केले. श्रेयाची ही भांडणं वाचून ऑफिसातली कोड रिव्ह्यूची भांडणं आठवली.

तरी आजाराला नाव बेलचंच. खरं तर दहाव्या शतकात अल्-राझीने तोंड वाकडं होण्याचं छान वर्णन केलंय, आणि आपल्या सुश्रुतसंहितेत त्याला अर्दित म्हटलंय, वातव्याधींमध्ये. आजीचं "वारं" इथलंच असावं. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

एक दिलासा बेलच्या काळी नव्हता. सातवी नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते, आणि सुजली की तिला फुगायला जागाच नसते. २००७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ५५१ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. मी पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या.

आणि तरी उरलेल्या सहा टक्क्यांत गेलो. तीन महिन्यांनी गाल हलायला लागला, भुवई त्यानंतर. नस पुन्हा वाढताना काही धागे चुकीच्या स्नायूला जाऊन जोडले गेलेत, ओठाचे डोळ्याला. त्यामुळे आता मनापासून हसलो की डावा डोळा आपोआप अर्धा मिटतो. सगळी माहिती असूनही दुरुस्त करता येत नाही, फिजिओथेरपीने थोडा आवरतो इतकंच. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला पहिल्याच मीटिंगनंतर हा सगळा इतिहास सॉमरिंगसकट ऐकवावा लागला, कारण तिला वाटलं मी डोळा मारला.